परमुलखात गेलेला सुतार आणि राखीव शिपाई

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय मात्र आमच्याच मर्जीवर सोडला. ज्ञातीच्या मेळाव्यात ज्ञातीतील थोरांचे गुणवर्णन व्हावे, असा शिरस्ता आहे व तो वावगा नाही. तथापि उभा जन्म खडूफळ्यात घालविलेल्या माणसाला एक खोड लागलेली असते. वर्गातल्या मुलांना माहीत असलेलेच पुन्हा सांगण्यात त्याला गोडी वाटत नाही. म्हणून आज आम्ही आपल्या ज्ञातीबाहेरच्या, परंतु आपल्याच हत्यारांवर पोट भरणाऱ्या एका माणसाविषयी बोलण्याचे योजिले आहे. हा माणूस कोकणातला, मराठी बोलणारा. तो देश सोडून इस्रायलात गेला, तेथे टेबले, खुर्च्या, कपाटे करून संसार केला, आणि लढाईचे बोलावणे येताच रंधा खाली ठेवून बंदूक उचलण्याचे कर्तव्य त्याच्या माथी आले. आम्ही एका व्यक्तीचे चरित्र सांगत नाही. एका लहानशा समाजातील पुष्कळ माणसांच्या आयुष्याची जी वाट दिसते, ती सांगत आहोत.

प्रथम आपल्या घरचे थोडे. आपला बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. गावगाड्यात सुतार हा पहिल्या ओळीचा बलुतेदार. औत, वखर, तिफण, गाडीचे चाक, घराचा उंबरा, लग्नाचा चौरंग, तान्ह्याचा पाळणा आणि अखेरची तिरडी यांपैकी कशालाही त्याच्यावाचून चालत नसे. सुगीत खळ्यावर जाऊन धान्य घ्यावे आणि वर्षभर कुणबिकीची आउते धडकी ठेवावी, असा हिशेब होता. पुढे लोखंडी नांगर आला, लाकडी चाकाच्या गाडीच्या जागी टायरगाडी आली, आणि बाभळीच्या लाकडातून वाकसाने आस घडविणाऱ्या हातांना काम उरले नाही. त्यावर १९७२ चा दुष्काळ. आम्ही त्या वेळी शाळकरी वयाचे होतो. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या माणसांत सुतारांचे हात आम्ही ओळखले आहेत. हातोडा धरण्याची त्यांची ढब निराळी होती. त्यानंतर आपली किती कुटुंबे पुण्यास, मुंबईस, औरंगाबादेस गेली आणि नांगराचे सुतार होते ते फर्निचरचे सुतार झाले, हे या सभेत निराळे सांगावयास नको. तेव्हा गाव सोडणे म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक आहे. आता देश सोडणाऱ्याकडे वळू.

अलिबागेजवळ नवगाव नावाचे खेडे आहे. फार प्राचीन काळी तेथील किनाऱ्यावर एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या व त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरागत कथा आहे. ही मंडळी यहुदी धर्माची. कोकणात त्यांनी मुख्यतः तेलाचा घाणा चालविला. परंतु शनिवारी घाण्याला बैल जुंपीत नसत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावावरून आडनावे पडली : किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर. भाषा मराठी, पेहराव मराठी. त्यांच्या सणांची नावेही मराठी झाली होती. त्यांतले एक नाव श्रोत्यांनी ध्यानी ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे. वर्षातून एक दिवस ते कडक उपवास करीत, पांढरी वस्त्रे नेसत आणि दारे लावून घेऊन घरात प्रार्थनेत बसत. या दिवसाला ते दारफळणीचा सण म्हणत. त्याच्या दुसऱ्या दिवसाचे नाव शिळा सण. सुताराच्या कानाला हे शब्द किती जवळचे वाटतात पाहा.

अठराव्या शतकात ही मंडळी मुंबईस जाऊ लागली. तेथे घाणा मागे पडला. कोणी गवंडीकाम धरले, कोणी सुतारकी धरली, कोणी गोदीत शिरले, पुढे कित्येक कारकून झाले. परंतु ज्या पेशात त्यांनी विशेष नाव काढले तो पेशा शिपाईगिरीचा. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ज्यांना सामाजी हसाजी दिवेकर असेही म्हणत, हे कंपनी सरकारच्या पलटणीत होते. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत ते कैद झाले. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधविले. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत आणि आजचे मशीद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. दुसऱ्याच वर्षी, धर्मग्रंथाची गुंडाळी आणण्याकरिता कोचीनला गेले असता, दिवेकरांना तेथेच मरण आले. यानंतर दोन-तीन पिढ्यांपर्यंत या समाजातील अनेक घरांतून सुभेदार, जमादार निघत राहिले. पुढे सरकारने पलटणी जातवार बांधण्याचे धोरण धरले. इतक्या लहान समाजाची वेगळी कंपनी होण्याजोगी नव्हती. त्यामुळे ही वाट हळूहळू बंद झाली. संख्या थोडी म्हणून शौर्याची वाट बंद होते, ही गोष्ट लहान ज्ञातींनी अवश्य लक्षात घेण्याजोगी आहे.

येथे एक आडवाट घेण्याची परवानगी असावी. पॅलेस्टाइनचा आणि आपल्या मुलखाचा संबंध नाही असे कोणी समजू नये. पहिल्या महायुद्धात जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या घोडदळांची मिळून एक ब्रिगेड तिकडे लढत होती. २३ सप्टेंबर १९१८ रोजी याच ब्रिगेडच्या स्वारांनी हैफा शहर घेतले. त्यांतील हैदराबादचे घोडदळ म्हणजे त्या काळी आपण ज्या राज्याची रयत होतो, त्या राज्याचे. दिल्लीतील तीन मूर्ती या तीन संस्थानांच्या स्वारांच्याच आहेत. म्हणजे मराठी सुतार तेथे जाऊन पोचण्यापूर्वी तीस वर्षे आपल्या संस्थानचे घोडे त्या मातीत दौडले होते. असो.

मे १९४८ मध्ये इस्रायलचे राज्य स्थापन झाले आणि जगभरचे यहुदी तिकडे जाऊ लागले. बेने इस्राएल लोकांना या देशात त्यांच्या धर्मामुळे कोणी छळले नव्हते. ही गोष्ट ते स्वतः आजही अभिमानाने सांगतात. तरी धर्मभूमीची ओढ, मुलांच्या भवितव्याची काळजी आणि शेजारचे घर गेले म्हणून आपणही जावे ही मनुष्यस्वभावाची रीत, या सर्व कारणांनी पुढील दोन-तीन दशकांत समाजाचा बहुतेक भाग निघून गेला. आज भारतात काही हजार उरले आहेत, तिकडे भारतीय वंशाचे लोक ऐंशी हजारांच्या आसपास असल्याचे सांगतात.

तेथे उतरलेल्या सुताराची पहिली वर्षे कशी गेली असतील, याची कल्पना आपल्या धंद्याच्या माणसाने करावी. प्रथम राहण्यास तंबू, नाहीतर पत्र्याची किंवा फळ्यांची झोपडी. सरकारी संस्थेकडून लोखंडी खाट, गादी आणि घोंगडी मिळे. अन्न शिधापत्रिकेवर. पुष्कळांना दक्षिणेकडील वाळवंटात, बीर शेवा, येरुहाम व पुढे १९५५ साली वसविलेले डिमोना, अशा नव्या गावी पाठविण्यात आले. मुंबईच्या कचेरीत टेबलावर बसलेला कारकून तेथे खडी उचलू लागला, कारण त्याच्या इंग्रजीला आणि वळणदार अक्षराला तेथे गिऱ्हाईक नव्हते. सुताराची अवस्था त्याच्यापेक्षा जरा बरी. भाषा येत नसली तरी सांधा येतो. खाचेत कूस नीट बसली आहे की नाही, हे पाहणाऱ्याला हिब्रू यावी लागत नाही. तथापि त्यालाही थोडे विसरावे लागलेच. इकडे तो फूट-इंचांनी मोजीत होता, तिकडे सेंटिमीटर. इकडे सागवान आणि शिसव हाताखाली होते. ज्या मुंबईची शिसवी नक्षीची खुर्ची एकोणिसाव्या शतकात विलायतेस जात असे, त्या मुंबईतून तो आला होता. तिकडे जंगल कसले, इमारतीचे लाकूड बहुतेक परदेशाहून यावयाचे. इकडे मांडी घालून, पायाच्या अंगठ्याने फळी दाबून धरून काम करण्याची सवय. तिकडे उभ्याने, बाकावर, यंत्राच्या करवतीपाशी. ज्यांनी चाळिशीनंतर पुण्याच्या फर्निचरच्या कारखान्यात पाऊल ठेवले, त्यांना विचारावे म्हणजे यातला अर्थ कळेल.

सर्वांनाच हे मानवले नाही. १९५१-५२ च्या सुमारास काहींनी आम्हांला भारतात परत पाठवा म्हणून तेल अवीव शहरात धरणे धरले. गोऱ्या यहुद्यांच्या मानाने आम्हांला कमी लेखले जाते, अशी त्यांची तक्रार होती. काही कुटुंबे खरोखर परत आली आणि त्यांतलीही पुष्कळशी पुन्हा तिकडे गेली. या जाण्यायेण्याला काही लोक हसतात. आम्हांस त्यात हसण्यासारखे दिसत नाही. गाव सोडलेल्याची एक उशी दोन्ही घरी ठेवलेली असते.

आता राखीव शिपायाची गोष्ट. आपल्याकडे १९४९ पासून प्रादेशिक सेना आहे. तिला आपण टेरिटोरियल आर्मी म्हणतो. तीत माणूस आपला धंदा सांभाळून वर्षातील काही आठवडे कवायत करतो. परंतु आपल्याकडे ती स्वखुशीची बाब. इस्रायलात मात्र साऱ्या सेनेचा डोलाराच राखीव शिपायांवर उभा आहे. तरुणाने सक्तीची नोकरी करावयाची आणि घरी आल्यावर चाळिशी उलटेपर्यंत, त्या काळी त्याहूनही पुढे, दरवर्षी काही दिवस पलटणीत हजर व्हावयाचे. वय वाढून आलेल्या निर्वासितालाही थोडकी कवायत शिकवून राखीव यादीत घालीत. त्यामुळे सुताराच्या दुकानात एका खुंटीवर कामाचा अंगरखा आणि घरच्या फळीवर पलटणीची पिशवी, असा दुहेरी संसार. धंद्याच्या दृष्टीने हे फार अवघड. गिऱ्हाइकाला कपाट कबूल केले आहे, सरस वाळत आहे, आणि बोलावणे येते. सरस थांबतो, गिऱ्हाईक थांबत नाही. १९६७ च्या मे महिन्यात राखीव शिपायांना बोलावून घेतले आणि लढाईला तोंड लागले जूनच्या पाचव्या दिवशी. मधले दिवस पुरुष सीमेवर आणि कारखाने अर्धे बंद.

परंतु आमच्या व्याख्यानाचे खरे कारण पुढे आहे. हे लोक राखीव यादीत नाव लिहून, १९५६ सालची सिनाईची लढाई पाहून स्थिरावू लागले, त्याच सुमारास तेथील धर्मपीठाने शंका काढली की, हे कोकणातले लोक शुद्ध यहुदी आहेत की नाहीत? शतकानुशतके ते दूर राहिले, त्यांचे घटस्फोटाचे आणि विधवाविवाहाचे नियम शास्त्राप्रमाणे पाळले गेले असतील कशावरून? १९६२ साली असा आदेश निघाला की, बेने इस्राएल वर किंवा वधू दुसऱ्या यहुद्याशी लग्न करू इच्छील तर नोंदणी करणाऱ्याने तिची आई, आजी, पणजी अशी शक्य तितकी मागे चौकशी करावी.

श्रोतेहो, याचा अर्थ नीट पाहा. लग्नाची नोंद धर्मपीठाच्याच हाती. शिपाई म्हणून ज्याची छाती मोजून घेतली आणि जो उत्तीर्ण झाला, तोच वर म्हणून उभा राहिला तर त्याची पणजी विचारावयाची. रणात मरण्यास तो पुरेसा यहुदी, मांडवात बसण्यास नव्हे. आपल्या देशात जातीची पाळेमुळे खणणे म्हणजे काय हे आपण जाणतो. बलुतेदाराच्या हातचा पाट चालतो आणि त्या पाटावर त्याने बसलेले चालत नाही, हा अनुभव आपल्या आजोबांनी घेतलेला आहे. म्हणून ही हकिकत वाचताना आम्हांस ती परक्यांची वाटली नाही.

त्यांनी काय केले? त्यांनी जेरुसलेमला जाऊन धरणे धरले. बायामाणसे, म्हातारीकोतारी रस्त्यावर बसली, उपोषणे झाली. मुंबईपर्यंत तारा गेल्या. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी तेथील लोकसभेने, तिला ते क्नेसेट म्हणतात, ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत व त्यांना कोणताही भेद लावू नये. धर्मपीठाने आपल्या आदेशातून या समाजाचे नाव गाळले. नाव गाळले, चौकशीची मुभा सर्वांच्याच बाबतीत ठेवली. ही पळवाट शाळाखात्यात नोकरी केलेल्या आम्हांस चांगली ओळखता येते. तरी पण मान मिळाला तो मिळाला, आणि तो भीक म्हणून मिळाला नाही.

त्यानंतर नऊ वर्षांनी दारफळणीचा सण आला. तारीख ६ ऑक्टोबर १९७३. हा सर्व यहुद्यांचा मोठा उपवास, त्याला ते योम किप्पूर म्हणतात. रस्त्यावर वाहन नाही, रेडिओ बंद, माणसे प्रार्थनामंदिरात. त्या दिवशी दुपारी इजिप्त आणि सीरिया यांनी दोन बाजूंनी एकदम हल्ला केला. बंद असलेले रेडिओ चालू झाले आणि त्यांवरून पलटणींचे सांकेतिक शब्द पुकारले जाऊ लागले. आपला शब्द ऐकला की त्या माणसाने उपाशीपोटी उठावयाचे. कोकणात या दिवशी दार लावून घेतले की दुसऱ्या दिवसापर्यंत उघडत नसत. तेथे त्या दिवशी घरोघरची दारे उघडली आणि पुरुष बाहेर पडले. दुसरा दिवस त्यांच्या आजोबांच्या बोलीत शिळा सण; एरवी ज्या दिवशी शेजारीपाजारी भेटावे, त्या दिवशी गावात पुरुष उरले नव्हते. या लढाईत इस्रायलचे अडीच हजारांहून अधिक शिपाई पडले, समोरच्या बाजूचे त्याहून पुष्कळ अधिक. त्या साऱ्यांच्या घरी करवती, कुदळी, दौती जिथल्या तिथे राहिल्या असतील.

हा क्रम तेथे अद्याप थांबलेला नाही. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर गाझात जी लढाई झाली तीत, त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, अश्दोद गावचा एक भारतीय वंशाचा राखीव शिपाई मारला गेला. तो चौतीस वर्षांचा होता. त्याच्याआधी डिमोना गावचा वीस वर्षांचा एक मुलगा पडला. मराठी वर्तमानपत्रांनीही या बातम्या दिल्या. त्या लढाईच्या न्यायान्यायाचा विचार करण्याचे हे व्यासपीठ नव्हे; गाझातील हजारो घरांतली लहान मुलेही त्यात मेली, हे मात्र सांगितल्यावाचून पुढे जाणे आमच्या शिक्षकी पेशास शोभणार नाही.

तेथील एका रीतीविषयी सांगितलेच पाहिजे. त्या देशाचे संरक्षण खाते प्रत्येक पडलेल्या शिपायाची स्वतंत्र नोंद ठेवते. अधिकारी असो वा साधा शिपाई, त्याचे एक पान असते. आईबापांची नावे, जन्म कोठला, कोणत्या साली त्या देशात आला, काय शिकला, कोणता धंदा करीत असे, कोठे पडला, मागे कोण आहे. तो सुतार असेल तर सुतार असे लिहितात. आता आपल्याकडचे पाहा. सातारा-रत्नागिरीकडील कित्येक गावांत सरकारने पहिल्या महायुद्धानंतर चावडीवर संगमरवरी पाटी लावली आहे. तीवर लिहिलेले असते की, या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. केवळ आकडे. नावे नाहीत, मग धंद्याची गोष्ट कोठली?

परमुलखात गेलेल्या त्या मराठी सुताराने आणखी काय राखले, तेही सांगतो. त्याने भाषा राखली. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक ही मंडळी तिकडून काढीत आली. बायबलातील कथांवर मराठी कीर्तने करण्याची प्रथा त्यांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केली होती, ती म्हाताऱ्या बायकांनी तिकडे नेली. नवस फेडताना पोहे, नारळ, साखर यांचा मलिदा करण्याची चाल चालू राहिली. नातवंडे हिब्रू बोलतात आणि आजीचे मराठी त्यांना अर्धेच कळते, ही गोष्ट अर्थात खरी. आपल्या पुण्यातल्या नातवंडांना तिफण म्हणजे काय ते कोठे कळते? परंतु भाषा, पाककृती आणि धंदा या तिन्हींत तुलना केली, तर आमच्या मते धंदाच सर्वांत आधी सुटतो. मुलगा शिकला की रंधा अडगळीत जातो. तो जावा हेही स्वाभाविक आहे. आम्ही स्वतः रंधा सोडून खडू धरला आणि त्याचा आम्हांस पश्चात्ताप नाही. केवळ तो रंधा कोणाचा होता, हे घरात कोणास तरी सांगता यावे.

त्या दृष्टीने मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आमची एक विनंती आहे आणि अध्यक्षमहाराजांनी तिला तत्त्वतः रुकार दिलेला आहे. पुढील वर्षाच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीनंतर काही पाने कोरी राखावीत. आपल्या ज्ञातीतील जे कोणी गाव सोडून परमुलखात धंद्यास गेले, मग ते मुंबई असो, आखात असो वा आणखी कोठे, आणि जे कोणी पलटणीत भरती झाले, त्यांची नावे प्रत्येक घराने लिहून पाठवावीत. नावापुढे गाव, आईबाप, कोणत्या साली गेले, कोणते काम उत्तम करीत असत, हे लिहावे. नांगर करीत असत की पाळणे, हेदेखील लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही अशा वडीलधाऱ्यांनी तोंडी सांगावे. आम्ही मेळाव्याच्या दोन्ही दिवशी मंडपाच्या उजव्या अंगास, पाण्याच्या टाकीजवळ, वही घेऊन बसणार आहोत. केज, धारूर आणि पाटोदा तालुक्यांतील मंडळींनी सकाळीच यावे. त्यांच्या परतीच्या गाड्या लवकर आहेत.